सिस्टीमवाले

निमसरकारी कार्यालयात माणूस टेबलावरून ओळखला जातो. आवक-जावक, आस्थापना, लेखा, बांधकाम. एकाच गृहस्थांना मात्र स्वतःचं टेबल नसतं आणि ते दिवसभर दुसऱ्यांच्या टेबलांखाली असतात. नेमणुकीच्या कागदावर त्यांचं पदनाम ‘तांत्रिक सहायक (कंत्राटी)’ असं असतं. पण त्यांचा पगार काढणाऱ्या एजन्सीखेरीज ते कुणाला ठाऊक नसतं. शिपाई मामांपासून साहेबांपर्यंत सगळे त्यांना ‘सिस्टीमवाले’ म्हणतात. अडल्या वेळी ‘सर’ म्हणतात. व्हरांड्यातून ‘अहो सर!’ अशी हाक ऐकू आली की समजावं, कुणाची तरी फाईल उघडेनाशी झाली आहे.

सिस्टीमवाल्यांचं वय पस्तिशी-चाळिशीच्या मधलं. पॅन्ट कडक इस्त्रीची, पण दोन्ही गुडघ्यांवर धुळीचे दोन गोल. कार्यालयातल्या सगळ्या वायरी टेबलाखालूनच जातात, त्याला ते काय करणार? पाठीवरच्या सॅकमध्ये क्रिम्पिंग टूल, मूठभर कनेक्टर, दोन-चार बटणसेल आणि एक स्वतःचा माउस. दुसऱ्याच्या माउसवर त्यांचा भरवसा नाही. दुसऱ्याच्या बोलण्यावरही नाही, पण ते तसं दाखवत नाहीत. त्यांच्या साऱ्या कर्तबगारीचं मर्म या न दाखवण्यात आहे.

त्यांचं साम्राज्य म्हणजे झेड ड्राइव्ह. सर्व्हरवरचा एक फोल्डर प्रत्येकाच्या पीसीवर ‘झेड’ या अक्षरापुढे दिसतो, एवढीच ती गोष्ट. पण ज्याला-त्याला वाटतं, झेड आपल्याच डब्यात आहे. “माझ्या झेडमध्ये लेखावाल्यांच्या फाईली कशा आल्या?” असा जाब त्यांना दर महिन्याला विचारला जातो. जावकच्या मॅडमना नवा पीसी मिळाला तेव्हा जुना उचलून नेणाऱ्याला त्यांनी दारातच अडवलं होतं. म्हणाल्या, “आधी त्यातला झेड काढून द्या.” सिस्टीमवाल्यांनी खिशातला पेन ड्राइव्ह जुन्या पीसीला लावला, मिनिटभर थांबले, मग नव्याला लावला आणि म्हणाले, “आला बघा, मॅडम.” तो मुळातच तिथे होता.

तक्रार कसलीही असो, तिची शब्दरचना एकच: “उघडत नाही.” त्यावर सिस्टीमवाले तीन प्रश्न विचारतात. काल उघडत होतं का? शेजारच्या टेबलावर उघडतं का? स्क्रीनवर काय लिहून आलं होतं? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळतात. तिसऱ्याचं आजवर कुणी दिलेलं नाही. “काहीतरी इंग्रजीत आलं होतं, मी ओके केलं,” इथे चौकशी थांबते. पीसीने बिचाऱ्याने एका वाक्यात सगळं खरं सांगितलेलं असतं. पण ते वाक्य वाचण्याच्या आत घालवण्याची चपळाई सगळ्यांच्या बोटांत आली आहे.

उदाहरणार्थ, ‘ही फाईल अमुक यांनी उघडलेली आहे’ हा निरोप. वर्डची फाईल उघडली की तिच्या शेजारी एक लपलेली चिमुकली फाईल तयार होते. तिचं नाव नागमोडी रेघेने आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं आणि पोटात उघडणाऱ्याचं नाव असतं. हे नाव येतं त्या पीसीवर ऑफिस टाकताना जे भरलं त्यावरून, आणि पुरवठादाराने तर सगळीकडे ‘एचपी’ भरून ठेवलेलं. त्यामुळे वर्षभर कार्यालयातली प्रत्येक अडलेली फाईल एचपी नावाच्या इसमाने अडवलेली असे. हेडक्लार्क भाऊसाहेबांनी तर “हा एचपी कोणत्या शाखेचा?” म्हणून हजेरीपट चाळला होता. शेवटी सिस्टीमवाल्यांनी एका शनिवारी येऊन प्रत्येक पीसीवर ज्याचं-त्याचं पदनाम भरलं. शनिवारी अशासाठी, की २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यात पाच दिवसांचा आठवडा झाला आणि तेव्हापासून कार्यालयातलं काम निवांतपणे करायचं तर शनिवारच सापडतो.

परवानग्यांचं प्रकरण याहून नाजूक. फोल्डरला परवानगी दोन ठिकाणी लागते: एक शेअरची, एक खुद्द डिस्कवरची, आणि दोन्हींत जी कडक ती लागू होते. जिल्ह्याने मंजूर केलेलं काम तालुक्याने अडवावं तसंच हे. त्यामुळे हा नियम समजावून सांगायला त्यांना कधी त्रास पडला नाही. त्रास पडला तो नकाराच्या नियमाचा. फोल्डरच्या परवानग्यांत एकाच जागी ‘दे’ आणि ‘देऊ नको’ असं दोन्ही लिहिलेलं असेल, तर ‘देऊ नको’ जिंकतं. भाऊसाहेबांनी एकदा गोपनीय अहवालांचा फोल्डर स्वतःच्या हाताने बंदोबस्तात ठेवायचं ठरवलं. प्रॉपर्टीजमध्ये गेले, ‘एव्हरीवन’ला नकाराची खूण केली, पुढे आलेल्या इशाऱ्याला ओके केलं आणि समाधानाने चहाला गेले. परत आले तर फोल्डर त्यांनाच आत घेईना.

“भाऊसाहेब, एव्हरीवनमध्ये सगळेच आले,” सिस्टीमवाले हळूच म्हणाले.

“सगळे येतील हो. मी कसा येईन? मी हेडक्लार्क आहे.”

या युक्तिवादाला विंडोजकडे उत्तर नाही. सिस्टीमवाल्यांकडे होतं. त्यांनी नकाराची खूण काढली आणि शाखेला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, “सर्व्हरचा प्रॉब्लेम होता.”

हे त्यांचं पेटंट वाक्य. आजार टेबलावरचा असो, खुर्चीवरचा असो, निदान कायम सर्व्हरचं. त्यांना कारण कळत नाही असं नव्हे. ते फार नीट कळतं, म्हणूनच हे वाक्य लागतं. झेडवर लाल फुली का येते? पंधरा मिनिटं त्या पीसीवरून झेडचं काहीच काम झालं नाही, तर सर्व्हर आपण होऊन संबंध तोडतो. पुन्हा डबल क्लिक केलं की जोडतो. म्हणजे ज्याच्या पीसीवर फुली, त्या टेबलावर पाव तास काय चाललं होतं याचा तो बिनसहीचा पंचनामाच. दुपारी जेवणानंतर सिस्टीमवाले शाखेतून फिरतात तेव्हा त्यांना ओळीने लाल फुल्या दिसतात. ते म्हणतात, “सर्व्हर जरा दमतो दुपारचा.”

घड्याळाची गोष्टही तशीच. पीसीचं आणि सर्व्हरचं घड्याळ यांत पाच मिनिटांहून जास्त तफावत पडली, की सर्व्हर त्या पीसीची ओळख नाकारू शकतो. जुन्या पीसीतला बटणसेल संपतो, तारीख कुठल्या कुठे मागे जाते आणि माणूस दारात उभा राहतो. कार्यालयाची वेळ पावणेदहाची. तिथे पाच मिनिटांवर अडून बसणारा असा एक सर्व्हरच. सिस्टीमवाले खिशातला सेल काढून बसवतात आणि काही बोलत नाहीत. स्वतः साडेदहाला आलेल्या माणसाला घड्याळाविषयी काय बोलणार?

लांब नावांचा रोग मात्र खास आपला मराठी. ड्राइव्हच्या अक्षरापासून फाईलच्या नावाच्या टोकापर्यंत सगळा पत्ता मिळून २६० अक्षरांत बसावा, हा विंडोजचा जुना दंडक. एक्सेल तर २१८ लाच हात टेकतं. आणि आपल्या फोल्डरची नावं शासन निर्णयाच्या विषयासारखी: ‘सन २०२३-२४ मधील प्राप्त तक्रारींच्या अनुषंगाने करावयाच्या कार्यवाहीबाबत’, त्यात ‘सुधारित’, त्यात ‘अंतिम’, त्यात ‘अंतिम सुधारित’. शिवाय आपल्याला जो ‘श्री’ एक दिसतो तो पीसीच्या हिशेबी चार अक्षरांचा: श, हलन्त, र आणि वेलांटी. एकदा कुणीतरी अगदी वरच्या फोल्डरच्या नावामागे ‘माननीय’ लावलं आणि खालच्या तीन शाखांच्या फाईली एका फटक्यात उघडेनाशा झाल्या. सन्मान काढून घेणं तर शक्य नव्हतं. सिस्टीमवाल्यांनी मधल्याच एका फोल्डरला ‘वाय’ असं नवं अक्षर जोडलं. पत्ता तोकडा झाला, फाईली उघडल्या आणि ‘माननीय’ जागच्या जागी राहिले.

कोपऱ्यातल्या त्या जुनाट पीसीचंही गुपित त्यांनाच ठाऊक. त्यावर ‘बंद करू नये’ असा कागद चिकटवलेला आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या व्हायरसचा तडाखा बसला तो शेअरिंगच्या जुन्या पद्धतीतल्या भगदाडातून. मग त्याच वर्षाअखेरीपासून नव्या विंडोजनी ती पद्धत मुळातूनच घालायची बंद केली. आपलं झेरॉक्स मशिन मात्र तेवढीच एक पद्धत जाणतं. स्कॅन केलेला कागद ते नव्या पीसीकडे पाठवूच शकत नाही. म्हणून स्कॅन आधी कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे येतं आणि तिथून सिस्टीमवाले ते पुढे सरकवतात. या टप्प्यासाठी पद मंजूर नाही. ते काम त्यांच्याकडे ‘इतर अनुषंगिक’मध्ये आहे.

राहता राहिला ‘बंद करून चालू करा’ हा उपाय, ज्याची सगळे टिंगल करतात. पण त्यातही शास्त्र आहे. एखाद्याला नव्या गटात घातलं, तरी त्याच्या हक्कांची यादी लॉग-इन होतानाच तयार झालेली असते. बाहेर जाऊन पुन्हा आत आल्याशिवाय नवा हक्क यादीत चढत नाही. सिस्टीमवाले हे सांगत बसत नाहीत. “एकदा लॉग ऑफ होऊन या,” एवढंच म्हणतात आणि फाईल उघडली की समोरचा म्हणतो, “यात तुम्ही काय केलंत? हे तर मीही केलं असतं.”

त्यांची खरी परीक्षा डिसेंबरात. नागपूरला अधिवेशन, तारांकित प्रश्न आलेला, चारच्या आत उत्तर हवं आणि विवरणपत्राची एक्सेल अडकलेली. त्या दिवशी साहेब स्वतः केबिनबाहेर येऊन, हात मागे बांधून येरझारा घालत होते. “कोण बसलंय त्या फाईलवर? त्याला नोटीस काढा!” सिस्टीमवाल्यांनी सर्व्हरवर उघड्या फाईलींची यादी काढली. तिच्यात प्रत्येक फाईलपुढे उघडणाऱ्याचं नाव असतं. विवरणपत्रापुढे खुद्द साहेबांचं होतं. सकाळी पाहायला उघडून त्यांनी ते खाली दाबून ठेवलं होतं. भाऊसाहेब मागून डोकावत होते. सिस्टीमवाल्यांनी मॉनिटर अलगद भिंतीकडे वळवला, फाईल सर्व्हरवरूनच बंद केली आणि म्हणाले, “झालं साहेब. सर्व्हरकडेच अडकली होती.”

“मला वाटलंच होतं,” साहेब म्हणाले. “नव्या सर्व्हरचा प्रस्ताव टाका.”

प्रस्ताव गेला. महिन्याभराने परत आला, शेऱ्यासह: ‘विद्यमान सर्व्हर वारंवार नादुरुस्त का होतो, याबाबत संबंधित तांत्रिक सहायक यांचा लेखी खुलासा घेऊन फेरसादर करावा.’ धडधाकट सर्व्हरच्या आजारपणाचा खुलासा लिहायला सिस्टीमवाल्यांना दोन दिवस लागले. ‘तांत्रिक कारणास्तव’ एवढाच तो होता.

सगळ्यांना संशय एकच: हा माणूस सगळ्यांचं सगळं वाचतो. बदल्यांच्या दिवसांत त्यांना चहा जास्त मिळतो. “यादीत आमचं नाव बघितलंत का हो?” असं कानाशी येऊन विचारतात. किल्ल्या सगळ्या त्यांच्याकडे आहेत हे खरं, पण ज्याने झेडवर तीन शाखांनी ठेवलेले तेच ते लग्नाचे व्हिडिओ आणि हिंदी सिनेमे जागा मोकळी करायला वर्षानुवर्षं उपसलेत, त्याला लोकांच्या फाईलींत काय रस उरणार?

पण नियम म्हणजे नियम. कंत्राटी माणसाच्या लॉग-इनला मुदत घातलीच पाहिजे, हा त्यांचाच दंडक आणि तो त्यांनी स्वतःलाही लावलेला. करार अकरा महिन्यांचा. यंदा तो संपला, एक दिवसाचा खंड पडला आणि लॉग-इन रात्रीच बंद झालं. सकाळी ते अभ्यागतांच्या बाकावर येऊन बसले. सॅक मांडीवर, गुडघे स्वच्छ. तासाभरात हाक आलीच.

“अहो सर, जरा बघता का? उघडत नाही.”

“भाऊसाहेब, मी आज कामावर नाही.”

“अहो, पण तुमच्याच मुदतवाढीचा आदेश आहे. टाइप होऊन पडलाय, सहीला न्यायचाय.”

सिस्टीमवाले उठले, भाऊसाहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. हात खिशात. “काल उघडत होता?”

“होय.”

“शेजारी उघडतो?”

“नाही.”

“आता पुन्हा क्लिक करा. येईल त्याला ओके करू नका. वाचा.”

भाऊसाहेबांनी चष्मा वर सरकवला आणि कारकिर्दीत पहिल्यांदाच तो निरोप शेवटपर्यंत वाचला. फाईल कुणाच्या पीसीवर उघडी आहे ते पदनाम त्यात होतं. त्यांनी एकदा सिस्टीमवाल्यांकडे पाहिलं, एकदा केबिनच्या दाराकडे. तेवढ्यात दार उघडलं.

“काय गर्दी आहे? सिस्टीमवाले आज कामावर नाहीत का?”

“मुदत संपली त्यांची, साहेब. मुदतवाढीची फाईल आपल्याकडेच...” भाऊसाहेब थबकले. मग त्यांनी शांतपणे मॉनिटर भिंतीकडे वळवला. “सर्व्हरकडे अडकलीय, साहेब.”