धुऱ्याचं मानसशास्त्र

नात्यांत सीमारेषा आखा, पण मन मोकळं ठेवा, असं समुपदेशक हल्ली फी घेऊन सांगतात. गोंदिया जिल्ह्याच्या धानपट्ट्यात हे शास्त्र फुकट आहे. चिखलणीच्या वेळी धुरा, म्हणजे शेताच्या हद्दीचा बांध, दरवर्षी वीतभर शेजाऱ्याच्या बांधीत सरकवायचा. सीमा हवीच, पण ताठर नको! याच गतीने सालेकशाचा धुरा छत्तीसगडात पोहोचेल आणि १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा निघालेला हा जिल्हा सरकारी खर्चाविना वाढेल. इथली सारस जोडी मात्र मागासलेलीच. आपल्या हद्दीत घरटं बांधते, कोणी जवळ आलं की ओरडते, मोजणीचा अर्जसुद्धा करत नाही. आणि मोकळेपणा? धुऱ्याच्या दाव्यातले वादी-प्रतिवादी कोर्टाच्या तारखेला एकाच मोटरसायकलवर येतात. पेट्रोल निम्मं-निम्मं. खर्रा ज्याचा त्याचा.