लिहून ठेव!

केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनमध्ये राहणारे आमचे काका नोकरीने इंजिनिअर. पण त्यांचं खरं काम म्हणजे तिथल्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघासाठी खेळाडू निवडणं. विद्यापीठाला याचा पत्ता नाही, एवढंच.

अमेरिकेत शाळकरी खेळाडूंना गुणांनुसार तारे देतात. पाच ताऱ्यांखालच्या पोराकडे काका ढुंकून बघत नाहीत. स्थळ सांगून आल्यासारखी माहिती देतात: "सहा फूट दहा उंची, हात त्याहून लांब, घरचं वळण चांगलं. लिहून ठेव, यंदा आपणच!" एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये शिरायला १९ वर्षांची अट, म्हणून ही रत्नं कॉलेजात जेमतेम वर्षभर टेकतात. काकांना त्यांची नावं पाठ होईपर्यंत ती गेलेली असतात.

काका बिघडले ते २०१२ साली. अँथनी डेव्हिस हा पहिल्या वर्षाचा पोरगा होता आणि केंटकी अजिंक्य ठरलं. त्याच संघात डेरियस मिलर हा शेवटच्या वर्षाचा जुना गडी बरेचदा बाकावरून उठून यायचा आणि सामना सावरायचा. हे काका सांगत नाहीत, काकू सांगतात.

"लिहून ठेव" हे फक्त काकूंनी मनावर घेतलं. त्या कालनिर्णयवर खरंच लिहितात, आणि जुनी कालनिर्णयं टाकत नाहीत. नोव्हेंबर २०१४: 'हे म्हणतात, ही पोरं हरणं शक्य नाही.' पोरं ओळीने ३८ सामने जिंकलीसुद्धा. एकोणचाळिसाव्याला विस्कॉन्सिनच्या मुरलेल्या गड्यांनी ७१-६४ असं घरी पाठवलं. त्या रात्री काका जेवले नाहीत. सकाळी म्हणाले, "मी कधीचा सांगतोय, अनुभव पाहिजे. नुसती गुणी पोरं गोळा करून संघ होत नाही."

दर मार्चला, कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, हेच. २०२४ मध्ये ओकलंड विद्यापीठाच्या जॅक गोल्की या २४ वर्षांच्या गड्याने लांबून दहा बास्केट टाकून केंटकीला बाहेर काढलं, तेव्हा काका म्हणाले, "बघ! वय बोलतं!" वय बोलतं यावर त्यांचा जुनाच विश्वास आहे. मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात कॉलेजकुमाराची भूमिका कित्येक वर्षं तेच करतात. एकदा कुणाच्या तरी विशीतल्या मुलाने ती मागितली, तर म्हणाले, "गुण आहेत रे तुझ्यात, पण आमचा ताळमेळ बसलाय."

पुढे प्रशिक्षक बदलला. मार्क पोप आले आणि त्यांनी दुसऱ्या कॉलेजांतून खेळून आलेले अनुभवी गडी जमवले. म्हणजे थेट काकांच्या मार्चमधल्या मागणीप्रमाणे. नोव्हेंबरात त्यांनी ड्यूकला ७७-७२ हरवलं, आणि काकांनी गल्लीभर पेढे वाटले. मार्च २०२५ मध्ये टेनेसीने या अनुभवी संघाला ७८-६५ असं गुंडाळलं.

काका टीव्ही बंद करून म्हणाले, "म्हातारे झालेत सगळे. कोवळं रक्त पाहिजे. लिहून ठेव."

काकूंनी लिहून ठेवलंय.