दुधाच्या देशात नाचणी

नातवाला गाईचं दूध चालत नाही आणि जावयांनी सुट्टीसाठी देश निवडला तो स्वित्झर्लंड. मधुमेह्याला हवापालटासाठी कोल्हापूरच्या गुऱ्हाळावर धाडावं, तसा हा बेत.

नातू दहा महिन्यांचा. त्याला दुधातली साखर नव्हे, प्रथिनंच सोसत नाहीत. त्यामुळे ‘लॅक्टोज-फ्री’ दूधही बाद. त्यात बंदोबस्त होतो तो साखरेचा, प्रथिनं जागच्या जागी. बाळ अजून अंगावर पितं, म्हणून मुलीलाही तेच पथ्य. तिने चीज आणि चॉकलेट फक्त दुकानाच्या काचेतून बघायचं.

आमच्या हिने नाचणी सत्त्वाचे डबे भरले आणि वर तुपाची बरणी ठेवली. तूप म्हणजे दूध थोडंच, हा तिचा सिद्धांत. तो डॉक्टरांना मान्य नव्हता, आणि भारतातून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत म्हटल्यावर स्विस कस्टमलाही होणार नव्हता. बरणी शेजारी गेली.

विमानतळावर बाळाच्या अन्नाला शंभर मिलिलिटरची अट नसते, तपासणी मात्र असते. त्याच्या खास पावडरीत प्रथिनांचे आधीच बारीक तुकडे केलेले असतात, आणि त्यामुळे ती कडू लागते. तपासनीस बाईंनी बाटली हुंगली नि जावयांना म्हणाल्या, प्या. जावई प्यायले. त्यांचा चेहरा बघून बाईंनी घाईघाईने बाटली परत दिली.

तिकडे पाकिटावरच्या यादीत दूध ठळक छापावंच लागतं, तेही बहुतेकदा जर्मन, फ्रेंच, इटालियन अशा तीन भाषांत. उभी हयात मी बँकेत व्हाउचरं तपासली. निवृत्तीनंतर असं सुख मिळालं नव्हतं. पावात दूध, सॉसेजात दूध, वेफर्सच्या मसाल्यात दूध! मुलीने साधा सोडा समजून रिव्हेलाची बाटली उचलली. १९५२पासूनचं त्यांचं लाडकं पेय. मी चष्मा सावरून वाचलं, तर आत निवळी. पनीर केल्यावर उरलेलं जे पाणी आपण कणकेत ढकलतो, त्याला या लोकांनी फेस आणून बाजारात बसवलंय.

वेवे गावात तर कहरच. १८६७मध्ये आन्री नेस्ले यांनी दूध, गव्हाचं पीठ आणि साखरेचं बाळअन्न काढलं ते इथेच. दुधाचं चॉकलेटही याच गावचं. तिथल्या सरोवरात आठ मीटर उंच स्टीलचा काटा रोवलाय. त्याच्यासमोर बसून आमच्या बाळराजांनी थर्मासमधली नाचणीची पेज ओरपली आणि उरलेली आजोबांच्या कोटाला पुसली.

रेस्टॉरंटात मात्र मी चकित झालो. वेटरने ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: लॅक्टोज की प्रथिनं? मग आचारी स्वतः बाहेर आला, वेगळ्या भांड्यात लोण्याशिवाय बटाटे उकडून देतो म्हणाला. ही गहिवरली. आमच्याकडे बारशाला आलेल्या एकाही पाहुण्याने हा प्रश्न विचारला नव्हता. सगळ्यांचं मत एकच, थोडं थोडं देऊन सवय करा.

त्याच रात्री वहिनींचा व्हिडिओ कॉल आला. “अगं, निदान शेळीचं तरी देऊन बघा!” शेळीच्या दुधातली प्रथिनंही जवळपास तशीच असतात, हे मी समजावू लागलो. त्यावर त्यांनी म्हशीचा पर्याय सुचवला. तेव्हा जावयांनी फोन हातात घेतला, “वहिनी, बोगदा आला, बोगदा!” असं ओरडून तो बंद केला आणि हॉटेलच्या सोफ्यावर पाय पसरले.