ॲस्टरचे पाय कुंडीत

ॲस्टर विकत घेताना फुलाकडे बघू नये. सप्टेंबर संपत आला की इथल्या कुठल्याही नर्सरीत लोक ॲस्टरच्या फुलांपुढे उभे राहून 'अहाहा' करत असतात आणि मी एकटी उकिडवी बसून कुंडीच्या तोंडाशी काय चाललंय ते बघत असते. नवरा अशा वेळी दोन रांगा सोडून उभा राहतो, आमची ओळखच नसल्यासारखा. पण फुलांचं काय घेऊन बसलात? त्या दिवसांत झाडून सगळी ॲस्टरं नटूनथटून बसलेली असतात. खरी हकीकत खालच्या वीतभर देठात असते. पानांवर भुरी आलीय का, बुंधा उघडाबोडका पडलाय का, कुंडीच्या भोकातून मुळं पसार व्हायच्या बेतात आहेत का. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, ॲस्टरचे कुंडीत.

इंग्लंडमध्ये या झाडाला मायकेलमस डेझी म्हणतात. 29 सप्टेंबर हा संत मायकेलचा सण. त्या दिवशी पूर्वी इथे जमिनीचे खंड आणि घरभाडी चुकती करायची. म्हणजे खिसा रिकामा होण्याच्या मुहूर्तावर फुलणारं हे फूल. आमच्याकडे साधारण त्याच सुमाराला नवरात्र येतं, त्यामुळे खिशाचं म्हणाल तर फारसा फरक पडत नाही. इंग्रजी शरदाची शान म्हणून मिरवणारी ही झाडं मुळात बहुतेक अमेरिकेतून आलेली. आता रेल्वेच्या कडेच्या उतारांवरसुद्धा ती आपली आपण माजलेली दिसतात. परदेशातून येऊन इतकं बिनधास्त स्थायिक होणं आम्हाला काही जमलेलं नाही. आम्ही अजून कचऱ्याचा डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा ते शेजारच्या आजोबांच्या डब्याकडे बघून ठरवतो.

यंदा सासूबाई पुण्याहून आल्या. त्यांच्या डोक्यातलं ॲस्टर म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी मंडईत झेंडू-शेवंतीच्या शेजारी ढिगाने दिसतं ते. ते चायना ॲस्टर. एका हंगामाचा कारभार: बी पेरा, फुलं तोडा, रोप उपटून टाका. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या गणेशखिंड केंद्राने त्याच्या 'फुले गणेश' नावाच्या पांढऱ्या, गुलाबी, जांभळ्या जाती काढल्यात. वेणीत आणि हारात ते फूल भरगच्च दिसतं. त्या ओळखीच्या भरवशावर सासूबाई परसात आल्या आणि माझ्या छातीएवढ्या उंचीच्या झुडपाकडे पाहून म्हणाल्या, "हे ॲस्टर? अगं, हे तर बांधावरचं गवत आहे. वर फुलं कोणी चिकटवलीत?"

"आई, हे बारमाही असतं. हिवाळ्यात वरचं सगळं वाळून जातं. उणे वीसपर्यंत थंडी गेली तरी मुळं खाली जिवंत राहतात आणि मार्चमध्ये परत फुटवे येतात."

"म्हणजे वर्षातले सहा महिने इथे काही नसतंच?"

"नसतं."

"आणि तेवढ्यासाठी तू ही एवढी जागा अडवून ठेवलीस. कोथिंबीर आली असती."

याला उत्तर नाही. मी विषय बदलून ॲस्टरच्या भाऊबंदकीकडे वळवला.

यात दोन मोठी घराणी आहेत. एक न्यूयॉर्कचं. फुलं देखणी, भरदार, निळ्या-जांभळ्या-गुलाबी शेकडो छटांत, पानं गुळगुळीत. कापून फुलदाणीत ठेवा, दिवसच्या दिवस टिकतील. प्रकृती मात्र तोळामासा. ऑगस्टमध्ये मुळाशी जरा कोरडं पडलं की खालच्या पानांवर भुरी हजर. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं सबंध झाड पांढरं होतं आणि फुलं वरती काही झालंच नाही अशा तोऱ्यात डोलत असतात. शिवाय दर दोन-तीन वर्षांनी वसंतात गड्डा उकरायचा, मधला लाकूड झालेला भाग फेकायचा आणि कडेचे तरणे फुटवे नव्याने लावायचे. न लावावेत, तर झाड रुसून फुलं बारीक करतं.

दुसरं न्यू इंग्लंडचं. पानं खरखरीत, देठांवर लव, उंची चार-पाच फूट, आणि भुरीला सहसा भीक न घालणारी तब्येत. खोड एकच: खालचा फूट-दीड फूट भाग उघडा पडतो, पानं वाळून काटक्या दिसायला लागतात. त्याला औषध नाही आणि गरजही नाही. पुढे काहीतरी बुटकं झाड लावून पाय झाकायचे. किंवा 'पर्पल डोम' ही गुडघ्याएवढीच वाढणारी जात आणायची. वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1990 च्या दशकात ही दोन्ही घराणी ॲस्टर वंशातून उचलून 'सिंफायोट्रायकम' अशा उच्चारी न येणाऱ्या वंशात नेऊन टाकली. माळ्यांनी ते ऐकून घेतलं आणि पाटीवर ॲस्टरच लिहीत राहिले.

न्यू इंग्लंडवाल्यांत माझी लाडकी 'आल्मा पोएत्श्के'. बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांना हिच्या रंगाचं फार अवघड जातं. भडक आहे, जपून लावा, शेजारी काय लावायचं याचा आधी विचार करा, असलं काहीबाही लिहितात. आपल्याला यात अवघड काय आहे? तो सरळ राणी कलर आहे. पैठणीच्या दुकानात वाढलेल्या डोळ्यांना त्याच्या शेजारी मोरपंखीही चालतो आणि लिंबू कलरही. सासूबाईंनी सबंध परसातलं हे एकच झाड पास केलं. "ही बरी आहे," म्हणाल्या. पुण्यात याला कौतुक म्हणतात.

पहिल्या माळेला त्यांनी आल्माची ओंजळभर फुलं खुडून घटापुढे मांडली. सकाळी देवघर उजळून निघालं. संध्याकाळी आरतीला निरांजन लावतोय, तर सगळी फुलं मिटलेली. न्यू इंग्लंड ॲस्टरची ही रीतच आहे: ऊन गेलं की पाकळ्या आवरून घ्यायच्या आणि झोपायचं. त्यातून खुडलेलं फूल तर आणखीच आळशी. सासूबाईंनी एक फूल उचललं, चिमटीत धरून दिव्याशी नेलं, पाकळ्या बोटाने उलगडून पाहिल्या. त्या पुन्हा मिटल्या.

"देवीपुढे झोपतात?"

"आई, ती इथल्या वेळेप्रमाणे..."

"वेळ मला सांगू नकोस. आरतीला जागं राहणारं काहीतरी आण."

जागं राहणारं म्हणजे न्यूयॉर्कवालं, आणि ते भुरी घेऊन येणार. या पेचातून 'लिटल कार्लो'ने सोडवलं. निळसर जांभळी, रुपयाहून लहान फुलं, पण एका फांदीवर इतकी की पान दिसत नाही. कमरेएवढी उंची, भुरीचा त्रास जवळजवळ नाही, आणि फुलदाणीत सरळ उभी राहते. एकच ॲस्टर लावायचं असेल तर हे लावा, बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल. नवरात्रीच्या नऊ रंगांत मात्र ॲस्टरची धाव जांभळा, गुलाबी, निळसर आणि पांढऱ्यापुरतीच. पिवळा फक्त मधल्या डोळ्यात. हिरव्या रंगाच्या दिवशी सासूबाईंनी देवीला कोथिंबिरीची जुडी वाहिली आणि माझ्याकडे पाहिलं.

झाडं फार उंच होऊन वाऱ्याने आडवी पडतात, ही सगळ्यांचीच तक्रार. त्यावर उपाय मे महिन्याच्या शेवटी करायचा. चेल्सीचं पुष्पप्रदर्शन असतं त्या सुमाराला इथले माळी कात्री घेऊन झाडांची उंची तिसऱ्या हिश्शाने छाटून टाकतात. झाड बुटकं, दाट राहतं, काठीचा आधार लागत नाही, फुलं जरा उशिराने पण भरपूर येतात. हे मी मोठ्या विद्वत्तेने सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "शेंडे खुडणं म्हण की. शेवंतीचे आम्ही लहानपणापासून खुडतोय. त्याला प्रदर्शन कशाला लागतं?"

शेवटी त्यांना कॉलवॉलला नेलं. मॉल्व्हर्नच्या टेकड्यांच्या पायथ्याशी तिथे 1906 सालापासूनची एक नर्सरी आहे. अर्नेस्ट बॅलर्ड नावाच्या गृहस्थांनी ती काढली. घरचा धंदा व्हिनेगरचा, आणि यांना नाद न्यूयॉर्क ॲस्टरच्या नव्या जाती काढण्याचा. आंबट पैशातून एवढी गोड गोष्ट क्वचितच झाली असेल. त्यांच्यानंतर पिक्टन कुटुंबाने ती सांभाळली, आणि आज तिथल्या बागेत शरदात फुलणाऱ्या ॲस्टरच्या चारशेच्या वर जाती आहेत. ऑक्टोबरच्या उन्हात ती बाग पाहिली की माणूस गप्प होतो. सासूबाई झाल्या नाहीत.

एका बाकदार, सैलसर झुडपापाशी त्या थांबल्या. फिकट जांभळी, लांब पाकळ्यांची फुलं. पाटीवर 'म्योंश'. मी सांगायला लागले: फ्रिकार्ट नावाच्या स्विस माळ्याने 1920 च्या सुमारास हा संकर केला आणि रोपांना तिथल्या शिखरांची नावं दिली, आयगर, म्योंश आणि युंगफ्राउ.

"युंगफ्राउला मी जाऊन आलेय. सहलीबरोबर. वर राजमा-भात होता."

"तीच. आणि याचं एक पालक झाड युरोपातलं, दुसरं आपल्या हिमालयातलं. काश्मीरकडचं."

सासूबाईंचा चेहरा पालटला. "मग आधी का नाही सांगितलंस? आपलंच आहे की हे!" त्यांनी लगेच दोन कुंड्या काखोटीला मारल्या. भुरी येत नाही, जुलै-ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत फुलतं, हे गुण मी नंतर सांगितले. त्यांना ते आता गौण होते. काश्मीरची मुलगी परक्या घरी नांदते आहे, तिची विचारपूस करायला हवी, अशा आविर्भावात त्या कुंडीशी बोलत होत्या.

"पण आई, हे आत्ता जमिनीत लावायचं नाही. आपली माती चिकण, पाण्याचा निचरा नाही. थंडीचं भय नाही याला, पण हिवाळाभर पाय ओले राहिले तर कुजतं. मार्च-एप्रिलमध्ये खडी घालून लावू."

"मार्चमध्ये?" त्यांनी बोटांवर हिशेब केला. व्हिसा सहा महिन्यांचा, परतीचं तिकीट डिसेंबरचं. "मग कुंडीतच राहू दे. मी मार्चमध्ये परत येते. लावायला कोणीतरी जाणतं माणूस हवं."

मी नवऱ्याकडे वळले, पण तो तोवर पैसे द्यायला रांगेत जाऊन उभा राहिला होता.