जर-तरवादी: मुष्टियुद्धाच्या जगातील एक चिवट जमात

मुष्टियुद्धाच्या जगात जर-तरवादी म्हणजे असा गृहस्थ, ज्याच्या लेखी कोणतीही लढत संपलेली नसते. रेफरीने विजेत्याचा हात वर केला, पट्टा त्याच्या कमरेला बांधला गेला, प्रेक्षक घरी गेले, दोन्ही लढवय्ये यथावकाश म्हातारे होऊन वारले, तरी याच्या दप्तरी निकाल राखून ठेवलेला असतो. अमेरिकेतील बॉक्सिंगचे आखाडे, केशकर्तनालये आणि बार ही त्याची मुख्य वसतिस्थाने. ज्या लढतीबद्दल तो सर्वांत पोटतिडकीने बोलतो, ती बहुधा त्याच्या जन्माआधीची असते. त्याने स्वतः कधी ठोसा खाल्लेला नसतो. ही उणीव नसून पात्रता मानावी लागते, कारण ठोसे खाल्लेली माणसे या विषयावर फार थोडे बोलतात.

त्याचा बीजमंत्र एकच: ‘तसे झाले नसते, तर?’ मराठीत या युक्तिवादाचा निकाल आत्याबाईच्या मिशांनी केव्हाच लावून टाकला आहे. जर-तरवाद्याला मात्र आत्याबाईही मान्य असते आणि मिशाही. त्याचा वाद फक्त त्या किती लांब असत्या, एवढ्यापुरताच असतो.

या जमातीचे आद्य क्षेत्र म्हणजे शिकागोचे सोल्जर फील्ड मैदान आणि आद्य तिथी २२ सप्टेंबर १९२७. त्या रात्री हेवीवेट जगज्जेता जीन टनी आणि माजी जगज्जेता जॅक डेम्प्सी दुसऱ्यांदा समोरासमोर आले. आदल्या वर्षी फिलाडेल्फियात टनीने डेम्प्सीचा किताब गुणांवर हिरावून घेतला होता. शिकागोत एक लाखाहून अधिक लोक जमले आणि तिकिटांतून साडेसव्वीस लाख डॉलर गोळा झाले. सातव्या फेरीत डेम्प्सीने ठोशांचा भडिमार करून टनीला जमिनीवर बसवले. नियम असा होता, की पाडणाऱ्याने आधी दूरच्या तटस्थ कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे आणि मगच पडलेल्यावर मोजणी सुरू व्हायची. डेम्प्सी तिथेच घुटमळला. रेफरी डेव्ह बॅरी त्याला कोपऱ्याकडे पिटाळू लागला, तोवर रिंगबाहेर घड्याळ घेऊन बसलेला पॉल बीलर चार-पाचपर्यंत पोहोचला होता. बॅरी परतला आणि त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली. टनी नऊच्या आकड्यावर उठला, मागे मागे सरकत त्याने ती फेरी निभावली, आठव्या फेरीत डेम्प्सीलाच क्षणभर खाली पाडले आणि दहा फेऱ्यांअखेर गुणांवर लढत जिंकली. सातव्या फेरीत तो सुमारे १४ सेकंद खाली होता. ‘लांबलेली मोजणी’ म्हणून ही लढत इतिहासात राहिली.

दहा फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटे, म्हणजे एकूण १,८०० सेकंद. जर-तरवाद्याचे सारे पांडित्य त्यांतल्या चार-पाच सेकंदांत मावते. उरलेल्या वेळात टनीने डेम्प्सीला काय काय केले, याची कोणी आठवण काढली, तर तो त्या माणसाकडे दयेने पाहतो आणि मुद्द्यावर यायला सांगतो.

मुद्दा समजावण्याची त्याची पद्धत ठरलेली आहे. जेवणाच्या टेबलावर मिठाची बाटली टनी होते, मिरपुडीची डेम्प्सी आणि घडी घातलेला कागदी रुमाल रेफरी. सॉसची बाटली तटस्थ कोपऱ्यात जाते. मग मिठाची बाटली आडवी पाडून तो मोठ्याने मोजू लागतो. डेम्प्सीच्या बाजूचा असेल, तर मोजणी संथ लयीत चौदा-पंधरापर्यंत जाते. टनीच्या बाजूचा असेल, तर तीच मोजणी घाईघाईत अकरावर आटोपते. या प्रयोगात आजवर फक्त मीठ सांडले आहे. वाद जागचा हललेला नाही.

त्याच्या भाग्यात कायद्याचाही वाटा आहे. मुष्टियुद्धाच्या फिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यास अमेरिकेत १९१२पासून केंद्रीय कायद्याने बंदी होती. ती उठली १९४०मध्ये. म्हणजे शिकागोच्या त्या रात्रीनंतर तेरा वर्षे, चोरून नेलेल्या फिती सोडल्या तर, पुरावा न पाहता बोलण्याची सोय सरकारनेच करून ठेवली होती. पुढे फीत उजळ माथ्याने फिरू लागली, तेव्हा वाद मिटेल असे भोळ्या लोकांना वाटले. झाले उलटेच. प्रत्येकाने आपापले घड्याळ लावून फीत पाहिली आणि प्रत्येकाला त्यात आपलाच आकडा सापडला.

या जमातीच्या चार पोटजाती ठळकपणे आढळतात.

पहिली घड्याळवाल्यांची. शिकागो हे तिचे मूळपीठ आणि टोकियो हे उपपीठ. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लसने तोवर अजिंक्य असलेल्या माइक टायसनला दहाव्या फेरीत गारद केले. त्याआधी आठव्या फेरीत डग्लस स्वतः खाली पडला होता आणि रेफरी ऑक्टाव्हियो मेरान याची मोजणी घड्याळाच्या मागे राहिली होती. प्रवर्तक डॉन किंगने लगेच आक्षेप घेतला. दोन जागतिक संघटनांनी काही दिवस निकालाला मान्यताही रोखून धरली आणि चहूबाजूंनी ओरड झाल्यावर ती देऊन टाकली. घड्याळवाल्याच्या आयुष्यातील ते काही दिवस सुवर्णयुगाचे. इतिहासात एकदाच, आणि तेही अधिकृतपणे, जग त्याच्यासारखे वागले.

दुसरी गुणपत्रिकावाल्यांची. ६ एप्रिल १९८७ रोजी लास व्हेगासमध्ये शुगर रे लेनर्डने मार्व्हिन हॅगलरला हरवले, तेव्हा तीन परीक्षकांपैकी दोघांचा कौल लेनर्डकडे आणि एकाचा हॅगलरकडे होता. त्या दोघांतल्या एकाने ११८-११० असा घसघशीत फरक दिला होता. गुणपत्रिकावाला ही लढत आवाज बंद करून पाहतो, कारण समालोचक पक्षपाती असतात, असे त्याचे मत आहे. हातात पेन्सिल असते. लढत १५ऐवजी १२ फेऱ्यांची ठेवण्याची अट लेनर्डच्या बाजूने आली होती, हे तो हमखास सांगतो आणि न झालेल्या तीन फेऱ्यांचेही गुण देऊन टाकतो. हॅगलरचा मार्ग सरळ होता. पुन्हा लढत मिळेना, तेव्हा त्याने बॉक्सिंग सोडले आणि इटलीत जाऊन चित्रपटांत कामे केली.

तिसरी पोटजात कारस्थानवाल्यांची. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात मुहम्मद अलीने दोरांना पाठ टेकवून जॉर्ज फोरमनचे ठोसे झेलले, त्याला दमवले आणि आठव्या फेरीत पाडले. कारस्थानवाल्याला इतके साधे कारण पुरत नाही. दोर मुद्दाम सैल ठेवले होते, पाण्यात काहीतरी कालवले होते, मोजणी घाईने उरकली, असे पदर तो एकामागून एक सोडत जातो. सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली आणि सप्टेंबरातली लढत पाच आठवडे पुढे गेली, ही गोष्ट मात्र खरी असल्यामुळे तिच्यात त्याला तितकासा रस वाटत नाही.

चौथी पोटजात ‘आणखी थोडेच’वाल्यांची. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाजवळ चौदाव्या फेरीनंतर प्रशिक्षक एडी फच याने जो फ्रेझियरला स्टुलावरून उठू दिले नाही. फ्रेझियरचे डोळे सुजून बंद होत चालले होते. १७ मार्च १९९० रोजी लास व्हेगासमध्ये मेल्ड्रिक टेलर तीनपैकी दोन परीक्षकांच्या पत्रिकांवर पुढे होता. शेवटच्या फेरीत हुलिओ सेझर चावेझने त्याला पाडले. तो उठला, पण रेफरी रिचर्ड स्टीलच्या प्रश्नाला उत्तर देईना. स्टीलने लढत थांबवली, तेव्हा दोन सेकंद उरले होते. ‘दोनच सेकंद!’ असे म्हणून ‘आणखी थोडेच’वाला टेबलावर मूठ आपटतो आणि मूठ दुखली म्हणून चोळत बसतो. टेलरला त्या रात्री रुग्णालयात न्यावे लागले आणि पुढे तो पूर्वीचा टेलर राहिला नाही. या पोटजातीचे औदार्य नेहमी दुसऱ्याच्या डोक्यावर केलेले असते. म्हणून चौघांत ती कमीत कमी विनोदी.

पोटजात कोणतीही असो, एक पथ्य सर्वांना सारखे आहे: आपल्या नायकाला मिळालेली सवलत आठवायची नाही. डेम्प्सीचा कैवारी १९२७च्या पाच सेकंदांसाठी जीव टाकतो. पण १४ सप्टेंबर १९२३ रोजी न्यू यॉर्कमध्ये अर्जेंटिनाच्या लुइस फिर्पोने याच डेम्प्सीला दोरांतून थेट बाहेर, पत्रकारांच्या टेबलांवर फेकले होते. तेथून लोकांच्या हातभाराने तो रिंगमध्ये परतला आणि दुसऱ्या फेरीत त्याने फिर्पोला गारद केले. तो बाहेर किती सेकंद होता, हा प्रश्न निघताच कैवाऱ्याच्या घड्याळाची किल्ली संपते. तिकडे अर्जेंटिनात अर्थातच घड्याळे चालू आहेत. तेथे १४ सप्टेंबर हा मुष्टियोद्ध्यांचा दिवस म्हणून पाळतात. हरलेल्या लढतीची तिथी साजरी करणारा देश जर-तरवाद्यांच्या दृष्टीने पुढारलेलाच म्हटला पाहिजे.

विज्ञानानेही या जमातीची सेवा केली आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मरी वोरोनर या निर्मात्याने निरनिराळ्या काळांतल्या हेवीवेट विजेत्यांची माहिती संगणकाला पुरवून त्यांच्या काल्पनिक लढती रेडिओवरून ऐकवल्या. त्यांत जिम जेफ्रीजकडून आपला पराभव झालेला ऐकून अलीने बदनामीचा दावा लावला. प्रकरण मिटले ते अली आणि निवृत्त रॉकी मार्सियानो यांच्या चित्रपटावर. वजन उतरवून आणि डोक्यावर केसांचा टोप चढवून मार्सियानो अलीसमोर उभा राहिला. फेऱ्या खोट्याखोट्या लढल्या गेल्या आणि शेवट एकाहून अधिक चित्रित झाले. जानेवारी १९७०मध्ये तो अमेरिकी चित्रपटगृहांत लागला, तेव्हा संगणकाच्या कौलानुसार मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला पाडले. ब्रिटनमध्ये मात्र अली जिंकलेला शेवटही दाखवला गेला. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे निकाल देणारे हे यंत्र जर-तरवाद्याला आपल्याच जातकुळीचे वाटले, यात नवल नाही. मार्सियानो तो शेवट पाहायला नव्हता. ऑगस्ट १९६९मध्ये विमान अपघातात त्याचे निधन झाले होते.

या साऱ्या गदारोळात प्रत्यक्ष लढलेल्यांचे वर्तन जमातीला फार निराश करणारे आहे. १९२६च्या पराभवानंतर पत्नीने काय झाले म्हणून विचारले, तेव्हा डेम्प्सीने, वाकायचे विसरलो, एवढेच कारण दिल्याचे सांगतात. पुढे त्याने न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर उपाहारगृह चालवले. ते १९७४पर्यंत टिकले आणि लांबलेल्या मोजणीचा प्रश्नही त्याच्या पाठीस तेवढाच टिकला. गिऱ्हाईक रागावलेले आणि मालक शांत, असा तो मामला. टनी आणि डेम्प्सी पुढे चांगले मित्र झाले. फोरमननेही सुरुवातीला कारणे पुढे केली, पण नंतर अलीशी त्याची घट्ट मैत्री जमली आणि आपण हरलो ते अलीमुळेच, हे त्याने मान्य केले. ज्याचा दावा, तोच मागे घेतो. मग खटला चालवण्याची जबाबदारी साहजिकच जर-तरवाद्यावर येऊन पडते.

त्याच्या युक्तिवादाची खरी मेख अशी, की तो हरलेल्याला सुधारण्याची मुभा देतो आणि जिंकलेल्याला जागच्या जागी खिळवून ठेवतो. बॅरीने मोजणी लवकर सुरू केली असती तर डेम्प्सी जिंकला असता, असे म्हणताना टनी मात्र त्याच चौदाव्या सेकंदाला उठेल, असे तो धरून चालतो. पण पडलेला मुष्टियोद्धा घड्याळ पाहत नसतो. तो रेफरीचा आवाज ऐकत असतो आणि मिळेल तेवढी विश्रांती घेऊन नऊवर उठतो. आपण आधीही उठू शकलो असतो, असे टनीने पुढे सांगितले. त्याच्या मर्मावर बसलेल्या ठोशांनंतरच्या पहिल्या चार-पाच सेकंदांत ते त्याला जमले असते की नाही, एवढाच प्रश्न खरोखर अनुत्तरित राहतो. तो कोणत्याही घड्याळाने किंवा मिठाच्या बाटलीने सुटणारा नाही.

तेव्हा निकाल असा. लढतीचा शेवट बदलण्याचा सर्वांत सोपा मार्ग डेम्प्सीच्याच पायांत होता: टनी पडताच कोपऱ्यात जाणे. नियम लढतीआधी ठरलेला होता आणि रेफरीने तो दोघांनाही सांगितला होता. पण पडलेल्या माणसाच्या डोक्यावर उभे राहून तो उठताच पुन्हा हाणणे, याच सवयीने डेम्प्सीला डेम्प्सी केले होते. शहाण्यासारखा कोपऱ्यात चालत जाणारा डेम्प्सी जर-तरवाद्यालाही आवडला नसता. टनीने १९२८मध्ये टॉम हीनीला हरवून किताब राखला आणि जगज्जेता असतानाच निवृत्ती घेतली. दप्तरी नोंद आजही तीच आहे: शिकागो, दहा फेऱ्या, विजेता टनी, गुणांवर.