चपट्या दाराचं रिव्हॉल्व्हर

नाद कुठलाही करावा, पण तो शस्त्र कायद्यात बसणारा असावा. 1959च्या त्या कायद्याला 2019मध्ये दुरुस्ती झाली आणि परवानेवाल्याला तीनाऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं ठरलं. आता दोन वस्तूंची फार तर जोडी होते, संग्रह कसला होतो! शिवाय परवान्यासाठी यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात जिवाला धोका असल्याचं पटवावं लागतं. माझ्या जिवाला धोका असलाच तर तो घरातून; आणि तसं अर्जात लिहिलं तर तो वाढायचीच शक्यता.

टेक्सासातल्या माझ्या भाच्याला ही अडचण नाही. तो सिंगल-अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर जमवतो. म्हणजे काउबॉयच्या सिनेमातलं ते, दर बाराला अंगठ्याने घोडा मागे ओढायचा आणि मग चाप दाबायचा. पण नुसतं रिव्हॉल्व्हर त्याला चालत नाही, त्यात काहीतरी वेगळं निघालं पाहिजे. रूगर कंपनीचं ‘सिंगल-सिक्स’ 1953 साली आलं तेव्हा गोळ्या भरायचं दार चपटं होतं, पुढे त्याला गोलाई दिली. म्हणून चपट्या दाराला भाव. कोल्टच्या 1873च्या रिव्हॉल्व्हरमध्ये चक्राचा दांडा धरणारा स्क्रू समोरून असला तर ते जुनं, आडवी पिन असली तर नंतरचं. एवढ्याशा स्क्रूपायी किंमत कुठल्या कुठे जाते.

जुन्या रूगरमध्ये सहाही गोळ्या भरून घोडा खाली ठेवला आणि रिव्हॉल्व्हर हातून पडलं, तर आपोआप बार उडायची भीती असे. शहाणी माणसं पाचच गोळ्या भरत. 1973ला कंपनीने रचना बदलून सुरक्षेची पट्टी घातली. जुन्या रिव्हॉल्व्हरलाही ती पट्टी कंपनी फुकट बसवून देते, काढलेले भागसुद्धा परत पाठवते. भाचा म्हणतो, ‘‘नको मामा, पट्टी बसवली की किंमत उतरते.’’ सुरक्षितता फुकटात मिळत असून नाकारणारी माणसं पाहायला टेक्सासला कशाला जायला हवं? आमच्या दत्त चौकात हेल्मेट आरशाला लटकवून रोज जातात.

तर मी टिकल्यांची पिस्तुलं जमवतो. सुटी टिकली ठेवायची, रिळाची आणि प्लॅस्टिकच्या चकतीची. पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस कागदात बसवला की झाली टिकली. ती फोडायला परवाना नको, फक्त दिवाळी पाहिजे. माझं सर्वांत लाडकं पत्र्याचं आहे. दोन पत्रे कडेने मुडपून जोडलेले, मुठीवर चांदणी. बाकीच्यांच्या मुठीवरची चांदणी पाच टोकांची, याची सहा. नुसत्या चापाने काही होत नाही, घोडा अंगठ्यानेच ओढावा लागतो. म्हणजे अस्सल सिंगल-अ‍ॅक्शन.

ते दारव्ह्याच्या बाजारात मिळालं.

‘‘नातवाले पायजे काय, काका?’’

‘‘नाही, मलाच.’’

दुकानदाराने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘‘थो बिघडेल हाय. चाप दाबून काहीच होत नाही. दुसरा घ्या.’’

‘‘तोच दे. पाहिजे तर दहा रुपये जास्त घे.’’

‘‘बिघडेल मालाचे जास्त पैसे कायले देता, बाप्पा?’’ असं म्हणून त्याने पैसे मात्र मोजून घेतले.

शेजारी निवडणुकीची वाट पाहत असतात. आचारसंहिता लागून परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा व्हायला लागली, की कुंपणावरून हाक येते, ‘‘भाऊ, तुमचं शस्त्रागार गेलं का जमा करायला?’’

खरी परीक्षा दसऱ्याला. पाटावर विळी, शिलाईची कात्री, पाना, स्कूटरची किल्ली मांडली, शेजारी माझी पिस्तुलं. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात हिने सगळ्यांना सारखं ओलं कुंकू लावलं. सहा टोकांच्या चांदणीलासुद्धा!

‘‘अगं, याचा मूळ रंग गेला की काही किंमत राहत नाही!’’

‘‘अहो, आधी किती होती?’’ तिने विचारलं आणि झेंडूचं फूल वाहिलं.

डाग काही निघाला नाही. फोटो भाच्याला पाठवला. तासाभरात त्याचा गंभीर प्रश्न आला, ‘‘मामा, हा लाल ठिपका कारखान्यातूनच आलाय का? सगळ्यांवर असतो की याच्यावरच?’’

मी कळवलं, ‘‘फक्त याच्यावर. कारखान्यातूनच.’’