हॅलोविनपटातून जिवंत बाहेर कसं पडावं

इच्छुकांनी आधी स्वतःची पात्रता तपासावी. खुट्ट झालं की "थांबा, मी बघून येतो" म्हणत उठणाऱ्यांनी हे मार्गदर्शन वाचण्यात वेळ घालवू नये. त्यांच्याकडे तो फारसा उरलेला नसतो.

न्यू जर्सीकरांनी जास्त जपावं. जॉन कार्पेंटरच्या १९७८ च्या 'हॅलोविन'मधलं हॅडनफील्ड इलिनॉयमधलं म्हणून दाखवलंय खरं, पण ते नाव सहलेखिका डेब्रा हिल लहानाची मोठी झाली त्या न्यू जर्सीतल्या गावाचं आहे. म्हणजे प्रकरण आमच्याच राज्यातलं.

दार हा पहिला धोका. वर्षभर साखळी लावून, भिंगातून बघून उघडायचं दार ३१ ऑक्टोबरला मुखवटेवाल्यांना सताड उघडायचं, वर खाऊही द्यायचा. इथल्या पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. संध्याकाळी बेल वाजली. पायरीवर एक हाडांचा सापळा आणि एक चेटकीण, दोघांची उंची मिळून माझ्याएवढी. घरात चॉकलेट नव्हतं, म्हणून दोघांच्या बादलीत एकेक बेसनाचा लाडू टाकला. मागे उभ्या आईने गोड हसून आभार मानले. दुसऱ्या दिवशी एक लाडू हिरवळीवर खारीच्या हातात होता. अनोळखी घरचं, वेष्टनाशिवायचं काही मुलांना खाऊ देत नाहीत, हे नंतर कळलं. तेव्हापासून मी १ नोव्हेंबरला अर्ध्या किमतीत चॉकलेटं घेतो आणि पुढच्या वर्षी वाटतो. तक्रार घेऊन अजून एकही सापळा परत आलेला नाही.

आता प्रत्यक्ष हल्ला. 'हॅलोविन'मधला खुनी मायकेल मायर्स धावत नाही, चालतो. तेव्हा न पडता चालणं एवढंच कौशल्य लागतं. धीर सुटला तर आठवावं की तो भयंकर मुखवटा मुळात 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, दुकानातून आणून पांढरा रंगवलेला. चित्रीकरण कॅलिफोर्नियात, तेही वसंतात. त्यामुळे पानगळीची पानं रंगवून पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुन्हा वापरायची. हे वाचल्यापासून कार्पेंटर मला आमच्याच घरातला वाटतो.

नायिका लॉरीचं मात्र चुकतं. मायकेल पडला की ती हातातली सुरी त्याच्याच शेजारी टाकून देते. एकदा नाही, दोनदा! तो उठेल न उठेल, पण चांगली सुरी अशी टाकवते कशी? पडलेल्याकडून सुरी काढून घ्यावी, पुसावी, जागेवर ठेवावी.

आंघोळीबद्दल थोडक्यात. लॉरी झालेल्या जेमी ली कर्टिसची आई जॅनेट ली 'सायको'मध्ये शॉवरखालीच गेली. बादली-तांब्या बरा. अधूनमधून पाणी थांबतं, चाहूल लागते.

उरलं तळघर. तिथे उतरू नये, कोणत्याही कारणाने नाही. खालून कोणी विव्हळलं, साखळी ओढली, माझं नाव घेतलं, तरी मी हलणार नाही, हे घरच्यांना मी लिहून द्यायला तयार आहे. पण रात्री अकराला तळघराच्या दाराखालून उजेडाची रेघ दिसली, तर मी "दिवा कोणी चालू ठेवलाय?" असं ओरडत, एकटा, अनवाणी खाली जाईन. बायकोने वरून कडी घालून घ्यावी. मरण्यापूर्वी मी दिवा मालवलेला असेल, त्यामुळे पुढचा प्रसंग प्रेक्षकांना नुसता ऐकावा लागेल.